कार्ड विमानतळापर्यंतच

अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत वाढलेल्या कुणालाही विचारा, लहानपणी ताप आला की घरचे कुठे न्यायचे? उत्तर बहुधा एकच येईल, डिस्पेन्सरीत. आयकर, कस्टम्स, पोस्ट अशा केंद्र सरकारी खात्यांतल्या माणसांची ही वस्ती. केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, १९५४ साली दिल्लीत सुरू झाली आणि १९६३ साली मुंबईत आली. पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते आणि तिच्या बदल्यात डॉक्टर, औषधे, पॅनेलवरची हॉस्पिटले मिळतात. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावा लागतो, माणसे डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडे राहायला जातात. पण दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड आयुष्यभर सोबत राहते. त्यामुळे अँजिओप्लास्टीला बाहेर किती खर्च येतो याची कधी चौकशीच करावी न लागलेली जोडपी इथे सहज भेटतात. नोकरदार माणसाला याहून मोठे स्वास्थ्य दुसरे नाही.

हीच जोडपी आता मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जातात, सुनेच्या मदतीला फ्रँकफर्टला जातात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, मेथकूट-डिंकाच्या लाडवांचे डबे, सामानाचे वजन अशी तयारी महिनोन्महिने चालते. विमा मात्र शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. एजंट विचारतो, “पन्नास हजार डॉलरचा काढू की एक लाखाचा?” घरचे विचारतात, “स्वस्त कुठला?” आणि पॉलिसीची पाने मोबाइलमध्ये न उघडता पडून राहतात. या दोन्ही प्रश्नांच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपल्याला कोणते आजार आहेत, आणि त्यांपैकी एखादा परदेशात उसळला तर ही पॉलिसी काय करील? साठी ओलांडलेल्या प्रवाशाने पॉलिसी निवडावी ती या प्रश्नाच्या उत्तरावरून. डॉलरचा आकडा नंतर पाहावा.

भारतात असेपर्यंत सीजीएचएसचे कार्ड बरेच काही करते. दुसऱ्या शहरातल्या वेलनेस सेंटरमध्ये ते चालते. जिवावरचा प्रसंग आला आणि पॅनेलवर नसलेल्या खासगी हॉस्पिटलात जावे लागले तरी ठरलेल्या दरांनी खर्चाची भरपाई मागता येते. परदेशातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर मात्र त्या कार्डाला अर्थ नाही. आपल्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीचेही बहुतेक तसेच. वेगळे कलम घेतले नसेल तर तीही देशाच्या हद्दीत संपते. “मुलाच्या कंपनीचा विमा आहे ना तिकडे?” असे अनेक आईवडील विश्वासाने म्हणतात. अमेरिकेतल्या नोकरीचा आरोग्य विमा साधारणपणे कर्मचारी, त्याचा जोडीदार आणि मुले यांच्यापुरता असतो. पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील त्यात बसत नाहीत. पासष्टीनंतर तिथल्या नागरिकांना मिळणारा मेडिकेअरही पाहुण्यांसाठी नाही.

अमेरिकेत १९८६ पासून असा कायदा आहे की इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाला, पैसे असोत-नसोत, तपासावे आणि त्याची प्रकृती स्थिर करावी. म्हणजे दारातून कुणी परत पाठवणार नाही, हे खरे. पण बिल येते, आणि एकच येत नाही. हॉस्पिटलचे वेगळे, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचे वेगळे, एक्स-रे वाचणाऱ्याचे वेगळे, ॲम्ब्युलन्सचे वेगळे. आणि ती आठवडे उलटल्यावरही टपालाने येत राहतात. आईवडील मुंबईला परतलेले असतात आणि पाकिटे मुलाच्या पत्त्यावर साठत असतात. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातली पहिली तपासणी मोफत आहे. पण दाखल व्हावे लागले तर परदेशी पाहुण्याला हॉस्पिटलच्या खर्चासाठी एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या, दराच्या दीडपट आकारणी होते.

परदेश प्रवासाचा आरोग्य विमा भारतात नवा नाही. तेव्हाच्या सरकारी विमा कंपन्यांनी १९८४ साली ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी आणली. परकीय चलनावर कडक नियंत्रण होते त्या काळात तिची सोय मोठी होती: हप्ता रुपयांत भरायचा आणि परदेशात गरज पडली तर खर्च डॉलरमध्ये भागायचा. योगायोगाने त्याच वर्षी केसरी पाटील यांनी माहीममधून आपली टूर कंपनी सुरू केली. मराठी मध्यमवर्ग टोळक्याने जग पाहायला निघाला तो त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत.

आता मूळ मुद्दा, पूर्वीपासून असलेल्या आजारांचा. पॉलिसीच्या भाषेत याला ‘प्री-एक्झिस्टिंग डिसीज’ म्हणतात. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, पूर्वी बसवलेला स्टेंट, काढलेली पित्ताशयाची पिशवी, हे सगळे त्यात येते. आपल्याकडे पासष्टीला बीपीची एक गोळी चालू असणे याला कुणी आजार म्हणतच नाही. “तसं काही नाही हो, फक्त बीपीची गोळी घेते,” असे आपण म्हणतो आणि फॉर्मवरच्या ‘आजार आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ अशी खूण होते. बऱ्याचदा ती खूण आपण नव्हे, घाईत असलेला एजंट किंवा ऑफिसातून ऑनलाइन फॉर्म भरणारा मुलगा करतो.

पुढे काय होते ते पाहा. न्यू जर्सीत आईला छातीत दुखते, दाखल करतात. तिथला डॉक्टर पहिल्याच पानावर लिहितो: रक्तदाबाचा त्रास दहा वर्षांपासून, अमुक गोळी चालू. ते तिनेच खरेखुरे सांगितलेले असते, कारण डॉक्टरपासून कुणी लपवत नाही. हॉस्पिटलचे तेच पान विमा कंपनीकडे जाते आणि फॉर्मवरची ‘नाही’ त्याच्याशेजारी ठेवली जाते. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो, हे विमा कायद्याचे जुने तत्त्व आहे. माहिती दडवली असे दिसले की कंपनीला दावा नाकारायला आधार मिळतो. आणि पाय मोडण्यासारख्या, बीपीशी संबंध नसलेल्या दाव्यातही मग शंका घेतल्या जातात. म्हणून माझा आग्रह आहे की फॉर्म भरताना आईवडिलांनी स्वतः शेजारी बसावे, आणि औषधांच्या पुड्या टेबलावर ओतून एकेक नाव लिहून घ्यावे. हप्ता थोडा वाढेल. काही कंपन्या सत्तरीपुढे तपासण्या करून आणायला सांगतील. कराव्यात.

आजार सांगितला म्हणजे सगळे मिळते असेही नाही. बहुतेक भारतीय पॉलिसी जुन्या आजाराबद्दल फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी पैसे देतात, तेही अनेकदा एका कमी मर्यादेपर्यंत. रुग्ण धोक्याबाहेर आला की पुढची तपासणी, पुढची औषधे, ‘आलाच आहात तर करून घ्या’ अशी शस्त्रक्रिया यांत बसत नाही. एक लाख डॉलरच्या पॉलिसीत जुन्या आजारासाठीची मर्यादा त्याच्या छोट्या अंशाइतकी असू शकते, आणि ती मोठ्या अक्षरांत छापलेल्या पहिल्या पानावर नसते. एकसष्टीच्या पुढच्या प्रवाशांसाठी तर काही योजनांत खोलीचे भाडे, आयसीयूचा दिवस, सर्जनची फी यांवरही वेगवेगळ्या मर्यादा असतात. म्हणजे एकूण रक्कम शिल्लक असते आणि रोजच्या आयसीयूचा खर्च मात्र मर्यादेबाहेर गेलेला असतो. अशी उपमर्यादा असलेली अडीच लाख डॉलरची पॉलिसी आणि नसलेली एक लाखाची, यांत मी डोळे मिटून दुसरी घेईन.

तिकडे राहणारी मुले कधी कधी अमेरिकेतल्याच कंपनीचा पाहुण्यांसाठीचा विमा काढतात. त्यातही दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम असते. ती स्वस्त पडते, पण प्रत्यक्ष बिलापुढे तोकडी ठरते. दुसरी सर्वसमावेशक, जिच्यात कंपनीच्या साखळीतल्या हॉस्पिटलात गेल्यावर थेट पैसे भरले जातात. जुना आजार अचानक उसळला तर पैसे देणारे कलम तिथेही असते, पण त्याला वयाची अट असते आणि सत्तरीच्या किंवा ऐंशीच्या पुढे ते कमी होते किंवा जाते. तिकडच्या डॉक्टरांना ओळखीची पॉलिसी, हा तिचा फायदा. वाद झाला तर दाद मात्र तिकडे मागावी लागते, मुंबईत नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न ईमेलने विचारावा: “माझ्या आईला अमुक वर्षांपासून अमुक आजार आहे, अमुक गोळी चालू आहे, त्यामुळे दाखल व्हावे लागले तर किती रक्कम आणि कोणत्या अटींवर मिळेल?” उत्तर लेखी येत नसेल तर पुढे जाऊ नये. फोनवरच्या गोड बोलण्यावर कुणीही विसंबू नये.

मुदतीचेही एक कलम नजरेतून सुटते. अमेरिकेत पर्यटकाला सहसा सहा महिने राहू देतात, आणि अनेक भारतीय पॉलिसी एका सफरीला १८० दिवस देतात. सहा महिने मोजले तर ते १८१ पासून १८४ दिवसांपर्यंत जातात. शेवटच्या आठवड्यातले परतीचे तिकीट काढताना हे दिवस बोटांवर मोजा, आणि मुक्काम वाढवायचा असेल तर पॉलिसी संपण्याआधी वाढवून घ्या. संपल्यावर ती वाढत नाही. भारतीय पॉलिसी विमानात बसण्यापूर्वी इथूनच काढावी लागते, हेही लक्षात असू द्यावे. रोजच्या गोळ्यांचा खर्च कुठलीच प्रवास पॉलिसी देत नाही. कार्डधारकांनी तिकीट आणि व्हिसाच्या प्रती जोडून डिस्पेन्सरीत आधीच अर्ज करावा, परदेशी जाणाऱ्यांना एरवीपेक्षा जास्त दिवसांची औषधे मिळण्याची सोय आहे.

युरोपला जाणाऱ्यांचा गोंधळ वेगळा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात तातडीचे उपचार, रुग्णाला मायदेशी आणणे आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत पाठवणे हे सगळे असावे लागते, आणि तो सर्व शेंगेन देशांत व मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू असावा लागतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा नियमावलीत हे लिहिले आहे. ही अट वकिलातीचे समाधान करण्याइतकी आहे. हृदयाच्या आजारासह स्वित्झर्लंडला निघालेल्या माणसाने तेवढ्यावर समाधान मानू नये. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांचा विमा बहुधा कंपनीच काढते; पण पॉलिसीचा क्रमांक, तिची प्रत आणि मदतीचा फोन नंबर प्रत्येकाने मागून घ्यावा, आणि आपला आजार त्या पॉलिसीत नोंदला आहे की नाही हे विचारावे. चाळीस जणांच्या यादीत तुमचे नाव आणि जन्मतारीख गेलेली असते, तुमची अँजिओप्लास्टी गेलेलीच असते असे नाही.

पैसे बुडण्याची भीती आजारापेक्षा जास्त जणांना असते, म्हणून सफर रद्द होण्याबद्दल थोडे. या कलमात कारणांची यादी असते आणि यादीबाहेरच्या कारणाला पैसे मिळत नाहीत. स्वतःचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण, मृत्यू, काही वेळा नैसर्गिक आपत्ती, अशी ती यादी असते. सरकारी नोकराची मोठी अडचण यादीत सहसा नसते: साहेबांनी रजा रद्द केली. १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे रजा हा हक्क नाही, आणि मार्चअखेर, निवडणूक, अधिवेशन अशा कारणांनी ती रद्द होते हे कॉलनीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बहुतेक पॉलिसी कामाचे कारण मान्य करत नाहीत. तिथे पैसे परत मिळणारे तिकीट काढणे हाच खरा विमा.

विमान कंपनी बंद पडली तर? जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघाले, ऐन उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर. गो फर्स्टची उड्डाणे ३ मे २०२३ रोजी थांबली, तेव्हाही सुट्टीच होती. या दोन्ही कंपन्या मुंबईच्या, आणि तिकिटे काढलेली माणसेही मोठ्या संख्येने इथलीच. विमान कंपनीच्या दिवाळखोरीचे कलम आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत नसते. ते हवे असेल तर शोधून घ्यावे लागते. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेण्याचा मार्ग असतो, तो अनेकांना माहीत नसतो.

आणि भीती. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ माणसे मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सहा पर्यटक होते. त्यानंतर काश्मीरची बुकिंग रद्द करणाऱ्या कुटुंबांना कोण दोष देईल? पण ‘जावेसे वाटत नाही’ हे कारण सर्वसाधारण विम्याच्या यादीत बसत नाही, आणि काही पॉलिसींत दहशतवादी कृत्यांमुळे झालेले नुकसानच वगळलेले असते. काश्मीर असो वा आणखी कुठे, हे वगळलेल्या गोष्टींचे पान आधी वाचावे.

देशातल्या प्रवासाचा विमा इतका स्वस्त आहे की त्याकडे लक्षच जात नाही. आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना एक चौकट येते; तिथे होकार दिला की माणशी ४५ पैशांत रेल्वे अपघाताचा विमा मिळतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, हॉस्पिटलच्या खर्चाला दोन लाखांपर्यंत. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावे लागते. गणपतीत कोकणात जाणाऱ्या लालबाग-परळच्या, अँटॉप हिलच्या किती घरांची तिकिटे वेटिंगवर राहतात! त्यांना हा विमा लागू नाही, खिडकीवर काढलेल्या तिकिटालाही नाही. तिकिटानंतर विमा कंपनीकडून मोबाइलवर लिंक येते, तिच्यावर वारसाचे नाव भरायचे असते. ती लिंक जाहिरात समजून पुसली जाते, आणि नको त्या वेळी घरच्यांना वारसा सिद्ध करण्याची कागदपत्रे गोळा करत फिरावे लागते. हा विमा रेल्वेच्या कायदेशीर भरपाईहून वेगळा आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून मृत्यूबद्दल मिळणारी आठ लाखांची भरपाई विमा असो-नसो मागता येते. सायनहून रात्रीच्या खासगी बसने जाणाऱ्यांसाठी ४५ पैशांची सोय नाही. पण १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बसमध्येही लागू असते.

अँटॉप हिलच्या दुसऱ्या अंगाला, संगमनगर आणि कोकरी आगाराच्या गल्ल्यांतून, आखातात कामाला जाणारी मुले आहेत. त्यांच्या प्रवासाला कुणी सफर म्हणत नाही, पण विम्याची गरज त्यांनाच सर्वांत जास्त. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला आखातासाठी सरकारी परवानगी लागते, आणि त्या परवानगीसोबत प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा नोकरी जाईल असे कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख. पर्यटक व्हिसावर नेणारा एजंट हे सगळे टाळतो. मुलाला पाठवण्याआधी घरच्यांनी या पॉलिसीचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एजंटला पैसे देऊ नयेत, असे मी हात जोडून सांगेन.

वेळ आलीच तर पहिला फोन विमा कंपनीच्या मदतकेंद्राला, शक्यतो दाखल होताना किंवा चोवीस तासांत. हॉस्पिटलला थेट पैसे भरण्याची व्यवस्था तिथूनच होते. तो नंबर आईच्या पर्समध्ये कागदावर लिहिलेला असावा, कारण मोबाइलचा पासवर्ड नेमका तेव्हा आठवत नाही. डिस्चार्जचा कागद, प्रत्येक बिल, औषधाची प्रत्येक पावती जपावी. बॅग हरवली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून त्या अहवालाची प्रत घ्यावी. घरी येऊन केलेल्या तक्रारीला वजन उरत नाही. बॅगेची जबाबदारी मुळात विमान कंपनीचीही असते. मॉन्ट्रियल करारात भारत २००९ पासून आहे, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रत्येक प्रवाशामागे या जबाबदारीची मर्यादा ठरलेली आहे. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत नोंद आणि जवळची भारतीय वकिलात.

दावा नाकारला गेला तर बहुतेक माणसे हताश होऊन गप्प बसतात. तसे करू नये. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र द्यावे. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही आणि वकील लागत नाही. आपले म्हणणे आपणच मांडायचे. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचे आदेश लोकपाल देऊ शकतात आणि ते विमा कंपनीवर बंधनकारक असतात. आपल्याला मान्य नसेल तर ग्राहक न्यायालयाचा रस्ता मोकळा राहतो. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे; वडाळा रोडहून हार्बरची गोरेगाव लोकल पकडली की गाडी न बदलता सांताक्रूझला उतरता येते. सोबत पॉलिसीची प्रत, नकाराचे पत्र, कंपनीला पाठवलेल्या तक्रारीची पोच आणि प्रवासाआधी मागवलेले ते ईमेलचे उत्तर न्यावे. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी.